बरं दिसेल असा रंग

"हा नको," हर्षल म्हणाला, आणि अंगातला वांगी रंगाचा शर्ट काढून, कॉलर सारखी करून त्यानं तो काउंटरवर ठेवला.

दुकानदारानं माझ्याकडे बघितलं. मी स्टुलावर बसले होते. पाय सुजले होते म्हणून चपला मघाशीच काढून बाजूला सारल्या होत्या. मे महिन्यातलं जळगावचं ऊन, डोक्यावरचा पंखा गरम हवाच खाली ढकलत होता, आणि सकाळची ड्यूटी संपवून मी घरी न जाता या मुलाला घेऊन थेट बाजारात आले होते.

"ताई, तुम्हीच सांगा आता," दुकानदार म्हणाला. "या रंगात काय खुलून दिसत होता! तुमच्या मुलाला जरा समजवा."

"त्या माझ्या आई नाहीत," हर्षल म्हणाला. रागानं नाही. कुणी पत्ता चुकीचा सांगितला तर आपण दुरुस्त करतो, तशा आवाजात.

मी चपलांमध्ये पाय कोंबले आणि आम्ही बाहेर पडलो.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. जळगावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते आणि मनोहरदादाकडे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाकडे राहत होते. आईचं अंथरुणातलं आजारपण काढण्यात माझी काही वर्षं गेली, आणि त्याच्या आधीची दाखवून घेण्यात. मी काळी. पाहुणे यायचे असले की वहिनी कपाट उघडून बसायची. गडद रंग घालू नका, आणखी काळ्या दिसाल. पिस्ता नेसा, अबोली नेसा, पदर जरा गालाजवळून घ्या. कुठल्या रंगात मी एक छटा उजळ दिसते यावर आमच्या घरात जेवढी चर्चा झाली तेवढी दुसऱ्या कशावर झाली नसेल. पुढेपुढे मला रंगांचाच वीट आला. ड्यूटीवर जाताना हाताला लागेल ती साडी ओढायची आणि निघायचं.

अशात भुसावळच्या फालकांचं स्थळ आलं. रेल्वेत गार्ड, बायको वारून दीड वर्ष झालेलं, एकुलता एक मुलगा, त्यानं नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. मी होकार दिला तो काही उत्साहानं नाही. नकार द्यायचाही कंटाळा आला होता. फालक माणूस कमी बोलणारा वाटला, तेवढं एक बरं वाटलं. मुलगा त्या दिवशी पाण्याचे पेले ठेवून आत गेला तो पुन्हा बाहेर आलाच नाही.

लग्न रजिस्टर पद्धतीनं करायचं ठरलं. आठवडाभर आधी फालक दादाकडे आले आणि जाताना मला जरा बाजूला घेऊन म्हणाले की हर्षलला कपडे घ्यायचेत, पण मला त्याच्याबरोबर दुकानात जायला नको वाटतं. एका शर्टासाठी तो अख्खा बाजार पालथा घालतो. या वयाची मुलं मैदानावर असतात, हा आरशापुढं असतो. तुम्ही घेऊन जाल का? त्या निमित्तानं ओळखही होईल. त्यांच्या बोलण्यात मुलाची थोडी लाज होती, ती मला कळली.

म्हणून त्या दुपारी तो भुसावळहून एसटीनं आला होता, मी त्याला स्टँडवर घेतलं होतं, आणि आम्ही फुले मार्केटमध्ये फिरत होतो.

पहिल्या दुकानात मला गंमत वाटली होती. उंच, काटकुळा मुलगा, मान लांब, रंग सावळा, ओठावर नुकती लव आलेली. पण कपड्यातलं त्याला इतकं कळत होतं की मी बघत राहिले. दुकानदारानं आधी उभ्या रेघांचा शर्ट काढला, तर म्हणाला, उभ्या रेघांत मी आणखी बारीक दिसेन, मोठ्या चौकटीचा दाखवा. एक निळा त्यानं नुसता हातात घेतला आणि ट्यूबलाइटखालचा रंग खरा नसतो म्हणून दाराशी उन्हात नेऊन बघितला. कापड गळ्याशी धरायचा आणि आरशात कापडाकडे बघायचाच नाही. स्वतःच्या डोळ्यांखाली बघायचा, गालाकडे बघायचा. लिंबू रंग गळ्याशी धरला आणि लगेच खाली ठेवला. त्या रंगानं त्याचा चेहरा खरंच आजारी दिसला होता. डाळिंबीनं उजळला.

मग माझ्या लक्षात यायला लागलं की ज्यात तो चांगला दिसत होता तेच कपडे तो परत करत होता. डाळिंबी परत केला. मोरपंखी परत केला. वांगी शर्टात तर शेजारी पँटपीस बघणारी बाईसुद्धा वळून बघायला लागली होती, तोही परत. आणि जे वाईट दिसत होते तेही घेत नव्हता, पण त्यांच्यापाशी जास्त वेळ थांबत होता.

सुरुवातीला वाटलं, लाजतोय. तिसऱ्या दुकानात वाटलं, मला छळतोय. सावत्र आई यायच्या आतच तिची परीक्षा घ्यायची असेल. त्याच्या जागी मी असते तर मीही घेतली असती, पण परीक्षा देण्याइतकं त्राण माझ्यात नव्हतं. वांगी शर्टाच्या दुकानातून बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, मला जरा बसू दे.

कोपऱ्यावर रसवंती होती. घुंगरं वाजत होती, उसाच्या चोयट्यांवर माश्या बसल्या होत्या. आम्ही बाकावर समोरासमोर बसलो. त्यानं माझ्यासाठी बिनबर्फाचा रस सांगितला. मी सांगितलं नव्हतं. तो म्हणाला, ड्यूटीवर बोलायचं काम असतं ना, बर्फानं घसा बसेल.

मी रस अर्धा प्यायले आणि सरळ विचारलं, "ज्यात तू चांगला दिसतोस तेवढंच परत करतोस. का?"

तो पेल्यात बघत राहिला. उत्तर येईल असं मला वाटलं नाही. मीही पुन्हा विचारणार नव्हते.

"तुमच्या लक्षात आलं?" तो म्हणाला.

"मला पंधरा वर्षं लोकांनी रंग लावून बघितलेत. माझ्या लक्षात येणारच."

यावर तो थोडासा हसला. मग बोलायला लागला, एकदम नाही, मध्येमध्ये थांबत. आईचं नाव त्यानं घेतलं नाही, नुसतं 'ती' म्हणत होता.

त्याच्या आईचं, प्रमिलाताईंचं, लिव्हर गेलं होतं. कावीळ उतरायची, पुन्हा व्हायची. शेवटच्या काही महिन्यांत बघायला माणसं यायला लागली. कुणी यायचं असलं की त्या हर्षलला हाक मारायच्या आणि म्हणायच्या, ज्यात मी आजारी दिसणार नाही असं पातळ काढ. पहिल्यांदा त्यानं पिवळं काढलं, कारण ते नवं होतं, आणि त्यात त्या इतक्या वाईट दिसल्या की तोच घाबरला. मग तो शिकत गेला. पांढरं चालत नाही, हिरवं तर अजिबात नाही. डाळिंबी गळ्याशी आलं की तोंडावर रक्त आल्यासारखं वाटतं. खांद्याची हाडं वर आली तर लांब बाह्यांचं ब्लाउज. खिडकी उजव्या हाताला असली तर पदर उजवीकडून घ्यायचा. माणसं यायची, चहा प्यायची, म्हणायची, छे, बरी दिसतेय की, आणि जायची. ती गेली की मायलेक हसायचे.

"बाबा पण तेच म्हणायचे," तो म्हणाला. "लाइनवरून आले की दारातूनच बघायचे. आज बरी दिसतेस, म्हणायचे. शेवटच्या दिवशी पण म्हणाले. तिनंच सकाळी सांगितलं होतं, बाबा यायचेत, डाळिंबी काढ. मी काढलं. ते आले, बरी दिसतेस म्हणाले, जेवले आणि ड्यूटीवर गेले. दुपारी तिला उलट्या सुरू झाल्या. शेजारचे काका रिक्षा आणेपर्यंत…"

घुंगरं थांबली होती. रसवाला दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होता.

"मी तिला पिवळं नेसवलं असतं तर त्यांनी तिला दवाखान्यात नेलं असतं," हर्षल म्हणाला. "मी इतकं चांगलं नेसवलं की कुणाला कळलंच नाही."

तुझी चूक नाही, असं म्हणणं सोपं होतं, पण दीड वर्ष एका मुलानं जे एकट्यानं उचललं ते मी रसवंतीत बसून एका वाक्यात उतरवू शकले नसते. आणि मला खरं काय ते माहीतही नव्हतं.

"म्हणून मी तसलं घालत नाही," तो म्हणाला. "बरं नसताना बरं दिसेल असलं. आणि लग्नात तर घालणारच नाही."

"मग आरशात इतका वेळ काय बघतोस?"

"कशात कसा दिसतो ते आधी बघायला लागतं ना."

थोड्या वेळानं मी विचारलं, हे तुझ्या बाबांना माहीत आहे का. तो चमकला. नाही, म्हणाला, आणि तुम्ही सांगू नका. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पैसे दिले आणि उठलो.

पुढच्या दुकानात त्यानं मातकट रंगाचा एक शर्ट काढला. ना करडा ना तपकिरी, ओल्या पोत्यासारखा. घातल्यावर तो एखाद्या दुखण्यातून उठल्यासारखा दिसत होता. दुकानदार तो गिऱ्हाइकाला विकावा की नाही अशा विचारात होता. हर्षलनं माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, मी अडवेन अशी त्याची अपेक्षा होती.

"हाच घ्यायचा?" मी विचारलं.

"हो."

"बांधून द्या," मी दुकानदाराला म्हटलं.

स्टँडवर भुसावळची गाडी लागलेली होती. हर्षल पिशवी घेऊन चढला, खिडकीशी बसला. मी खाली उभी होते. मला घरी जायचं होतं. अंघोळ करून अंधाऱ्या खोलीत पडायचं होतं, बस. लग्नाआधी नवरीनं नवऱ्याच्या घरी जायची आमच्यात पद्धत नाही, दादाला कळलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं. पण कंडक्टरनं घंटी दिली तेव्हा मी चढले आणि त्याच्या शेजारी जाऊन बसले.

त्यानं कारण विचारलं नाही. गाडी शहराबाहेर पडल्यावर मीच सांगितलं, "मी त्यांना विचारणार आहे. तुझ्या पाठीमागं नाही, तुझ्यासमोर."

त्याचा चेहरा उतरला. बराच वेळ तो बाहेरच्या केळीच्या बागांकडे बघत होता. मग म्हणाला, "विचारलंत तर मी लग्नाला येणार नाही."

"नको येऊस," मी म्हटलं. मी धमकीला धमकी दिली नाही. मला खरंच तसं वाटत होतं. तो येवो न येवो, पण हे असं गिळून बसलेल्या दोन माणसांच्या मध्ये जाऊन स्वयंपाक करायचा, हे मला झेपणारं नव्हतं. एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांचं बोलणं जोडून द्यायचे मी, आणि घरी आले की जिथे कुणी काही बोलत नाही अशा घरात राहायचे. आणखी एक तसलं घर नको होतं.

रेल्वे क्वार्टरमध्ये पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. फालक बनियन-लुंगीवर अंगणात कूलरमध्ये नळीनं पाणी भरत होते. मला बघून ते गडबडले, आत जाऊन सदरा घालून आले. चहा टाकू का, म्हणाले. मी नको म्हटलं. ओट्यावर टेकले आणि प्रस्तावना न करता विचारलं.

"प्रमिलाताईंचं दुखणं किती वाढलंय, हे तुम्हाला माहीत होतं का?"

त्यांनी आधी माझ्याकडे, मग हर्षलकडे बघितलं. हर्षल फाटकाशीच उभा होता, पिशवी हातात. मी त्याला म्हटलं, तू सांगतोस की मी सांगू? तो फाटक सोडेना. मग मीच सांगितलं. रसवंतीत ऐकलं होतं तेवढंच, माझ्या पदरचं काही न घालता. मी बोलत असताना फालक खाली बसले, कूलरच्या कडेला टेकून, ओल्या फरशीवरच.

"गणपतीतच सांगितलं होतं मुंबईच्या डॉक्टरांनी," ते म्हणाले. "घरी न्या म्हणाले. आता करण्यासारखं काही नाही. तिच्यासमोरच सांगितलं."

हर्षल दोन पावलं आत आला.

"मग तुम्ही बरी दिसतेस का म्हणायचात?" त्यानं विचारलं.

"ती तयार होऊन बसायची रे. मी दुसरं काय म्हणणार होतो?" फालक म्हणाले. "आणि तिनंच सांगून ठेवलं होतं. म्हणायची, पोरगं इतकं मन लावून काढून देतं, त्याच्यादेखत म्हणत जा. त्याला वाटतंय मी बरी होतेय. त्याला वाटू दे. तुला कळू द्यायचं नाही, असं तिनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं."

"म्हणजे तुम्हा दोघांना माहीत होतं."

"हो."

"मलाच नव्हतं."

"हो."

"दवाखान्यात नेलं असतं तरी…"

"काही उपयोग नव्हता, हर्षल. दोन दिवस जास्त, एवढंच. तिला तिथं जायचं नव्हतं. तिला घरीच राहायचं होतं, तुझ्याजवळ."

हर्षल सुटल्यासारखा रडेल असं मला वाटलं होतं. तो रडला नाही. बापाकडे बघत राहिला, आणि त्या बघण्यात दीड वर्षाचं ओझं उतरलेलं दिसत नव्हतं, दुसरंच काहीतरी चढलेलं दिसत होतं. आपण आईच्या दुखण्यावर पांघरूण घालतोय असं तो समजत होता, आणि पांघरूण तर त्याच्यावरच घातलेलं होतं. "मला सांगायला हवं होतं," एवढंच तो म्हणाला, आत गेला, आणि आतली कडी लागली.

कूलर भरून पाणी अंगणात वाहायला लागलं होतं. मी उठून नळ बंद केला.

फालक तसेच बसून होते. बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, हे आजच विचारायला हवं होतं का. त्यात तक्रार नव्हती, थकवा होता, माझ्याइतकाच.

"लग्नानंतर मला विचारता आलं नसतं," मी म्हटलं. "मीही मग गप्प बसायला शिकले असते."

त्यांनी मान हलवली. मला स्टँडवर सोडलं, गाडी सुटेपर्यंत खाली उभे राहिले. घरी दादा बोलायचं ते बोलला. मी ऐकून घेतलं आणि न जेवता झोपले.

लग्नापर्यंतचे दिवस भुसावळहून काही निरोप आला नाही. हर्षल येणार की नाही मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. इथेच सांगते, पुढंही त्यानं मला कधी आई म्हटलं नाही. 'तुम्ही' म्हणतो, आजही. बापलेकांचं बोलणं सुरळीत व्हायलाही पुष्कळ दिवस लागले. पहिलं वर्ष तर ते दोघे भांडतच होते, जेवताना, रात्रीच्या बातम्या चालू असताना, कशावरूनही. मला ते भांडण चालायचं. निदान बोलत तरी होते.

पण मला सांगायचंय ते लग्नाच्या सकाळचं. वहिनीनं मला अबोली साडी नेसवली, तोंडाला पावडर लावली, मागे सरून बघितलं आणि म्हणाली, आज तुम्ही चांगल्या दिसताय. बाहेर भुसावळची माणसं आल्याचा आवाज आला. शेजारपाजारच्या बायका दारातून डोकावून गेल्या, सगळ्यांनी तेच सांगितलं, छान दिसताय. खोलीत उदबत्तीचा धूर कोंडला होता.

मग हर्षल आला. त्यानं तोच मातकट शर्ट घातला होता. त्याच्यामागं दोन बायका आपसात काहीतरी कुजबुजल्या. कुणीतरी त्याला मला बोलवायला पाठवलं असावं, कारण तो 'रिक्षा आली' एवढं म्हणून दारात थांबला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. साडीकडे नाही. डोळ्यांखाली बघितलं, गालाकडे बघितलं.

"तुम्हाला बरं वाटतंय का?" त्यानं विचारलं.

वहिनी हसून म्हणाली, अरे, नवरीला असं विचारतात का. पण तो माझ्या उत्तरासाठी थांबला होता.

"नाही," मी म्हटलं. "काल डोळा लागला नाही. गरगरतंय सकाळपासून."

त्यानं कोपऱ्यातली खुर्ची ओढून पंख्याखाली आणली, मला बसवलं, खिडकी उघडली. पाणी आणून दिलं. मग तो बाहेर गेला, आणि ओसरीवरच्या सगळ्या माणसांमधून त्याचा आवाज मला नीट ऐकू आला.

"बाबा, त्यांना बरं नाहीये. थोडं थांबावं लागेल."

कुणीतरी म्हणालं, रजिस्ट्रारच्या ऑफिसची वेळ चुकेल. दादाही काहीतरी बोलला.

"चुकू दे," फालक म्हणाले. "बसा सगळे."

मी खुर्चीत मान मागे टाकली आणि डोळे मिटले. बाहेर सगळे थांबले होते.